पुजलेलं इंजिन

माझी कणकेची मोठी परात एका वर्षी गणपतीत स्वयंपाकघराबाहेर गेली, ती पुन्हा काही ओट्यावर आली नाही. पितळेची होती, माझ्या रुखवतातली. आमच्या मालकांनी ती उचलली, पडवीत नेली आणि तिच्यात मोटारसायकलच्या इंजिनाचा एकेक भाग काढून मांडायला लागले.

मी म्हटलं, "अहो, मी कणीक कशात मळू?"

"आठ दिवस ताटात मळ. आठ दिवसांत बसवतो."

त्या आठ दिवसांचंच सांगायचंय. पण आधी ते इंजिन आमच्या दारात आलं कसं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच कुठं सुरू झाली.

आमचे मालक सातपूरला एका कंपनीत फिटर होते. बावीस वर्षं. मशीन अडलं की साहेब खुर्चीतून उठून यांच्याकडं यायचा, हे साहेबाकडं जायचे नाहीत. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितली आणि पुढं दर महिन्याला सांगितली. दोन हजार सालाच्या पुढंमागं ती कंपनी बंद पडली. माणसं पांगली. कोणी रिक्षा घेतली, कोणी गावाकडं गेलं. आमचा मखमलाबादला वाटणीत आलेला अर्धा एकर मळा होता. त्यात झेंडू, शेवंती, कडेला थोडी मेथी. तोपर्यंत ते माझं काम होतं. फुलं तोडायची, गोणीत भरायची आणि पहाटे रस्त्यावर टेम्पोची वाट बघायची. टेम्पो कधी यायचा, कधी दुसऱ्याचाच माल भरून समोरून निघून जायचा. फूल काही आपल्यासाठी थांबत नाही. ऊन वर आलं की गिऱ्हाईक बोटानं दाबून बघतं आणि शेजारच्या टोपलीकडं वळतं.

म्हणून मालक म्हणाले, मोटारसायकल घेऊ. जुनी घेऊ. बिघडली तर मी आहे ना.

त्याच राखीपौर्णिमेला माझा भाऊ आला. तो दिंडोरीला द्राक्षाच्या शीतगृहावर सुपरवायझर. राखी बांधून झाली, करंजी खाल्ली आणि हळूच म्हणाला, "दाजी, आमच्याकडं गेटवर माणूस पायजे. वॉचमन. बसून काम हाय. माझा शब्द चालतो तिथं."

मालकांनी करंजी ताटात ठेवली. "मी गेटवर उभा राहू? येईल त्याला सलाम ठोकू?"

"तसं नाय दाजी..."

"गाडी घेतलीय मी. तिच्यावर मी अन् तुझी बहीण फुलांचा धंदा करणार. गाडी नाही चालली, तर येईन तुझ्या गेटवर. जा."

रागाच्या भरात माणूस बोलतं ते असं. माझ्या भावानं ते मनावर घेतलं. जाताना मला म्हणाला, "ताई, द्राक्षाचा हंगाम लागेपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात नाय."

गाडी घेतली होती एका दूधवाल्याकडून. रंग नवाकोरा, काळाभोर, आणि इंजिनालासुद्धा चंदेरी रंग दिलेला. मला तर वाटलं, बाई, फसवून स्वस्तात घेतली की काय आपणच! महिनाभर चालली. मग धूर ओकायला लागली. इतका की मागच्याला रस्ता दिसायचा नाही. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडली ती पडलीच. आणि माझी परात गेली.

तर ते आठ दिवस. पहिले तीन दिवस नट सोडवण्यात गेले. गंजलेले. रॉकेल सोड, हातोडीनं ठोक, पुन्हा रॉकेल सोड. एक बोल्ट आतच तुटला. तो काढायला मालक सातपूरला जुन्या सोबत्याकडं ड्रिल मशीन मागायला गेले, आणि त्यात दोन दिवस. मग पिस्टनच्या पिनेची एक बारीक क्लिप असते, आपल्या बांगडीच्या तुकड्याएवढी, ती पक्कडीतून निसटली आणि टण्णकन उडून मेथीत गेली. मी, मालक, माझी जाऊबाई, तिघांनी तो वाफा पालथा घातला. शेवटी मी पिठाची चाळणी आणली आणि मातीच चाळली. चार वर्षांपूर्वी हरवलेली माझ्या कानातल्याची फिरकी सापडली. क्लिप नाही.

"बघ, नुकसान नाही झालं," मालक म्हणाले.

जाऊबाई शेजारच्याच वाट्यात राहायच्या, घरी पिठाची छोटी गिरणी, जिभेनं तिखट. रोज कुंपणापाशी यायच्या. "काय गं, आज कालवण कशाचं? पिस्टनचं का?" मी म्हणायची, "या जेवायला, तुम्हाला रिंगा वाढते." हसायचो आम्ही. पण हसता हसता त्या परातीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजींनी केलं खरं बाई एवढं, पण बसंल का गं ते परत?"

क्लिप आणायला मालक अंबडच्या भंगारबाजारात गेले. तिथं दुसऱ्याच गाडीची मिळाली, ती सैल. पुन्हा गेले. रिंगा आणल्या, त्या एक नंबर मोठ्या निघाल्या. पुन्हा गेले. गणपती गेले, पितृपक्ष गेला, घट बसले. झेंडूचे दिवस आले आणि गाडी परातीत. दसऱ्याचा सगळा माल मी टेम्पोनंच नेला, आणि एक दिवस तर अर्ध्या गोण्या रस्त्यावरच राहिल्या.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथंच फिरलं.

आमच्याकडं खंडेनवमीला अवजारं पुजायची. कोयता, खुरपं, विळी, पाटा-वरवंटा, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मालकांची कंपनीतली पाना-पक्कडीची पेटीसुद्धा दरवर्षी पुजत आले मी. त्या दिवशी पुजलेल्या अवजाराला हात लावायचा नाही, काम करून घ्यायचं नाही. त्यांनाही विश्रांती असते ना.

मालकांनी आदल्या दिवशी सगळं इंजिन रॉकेलनं धुऊन, पुसून, परातीत लख्ख मांडून ठेवलं होतं. ब्लॉक, त्याच्यावर बसणारं हेड, त्यातलं कॅमशाफ्ट, झडपा. सण झाला की बसवायचं म्हणून. मी काय केलं, ती परातच पूजेला घेतली. मनात म्हटलं, कोयत्या-खुरप्याला आपण पुजतो, आणि आज ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून आहे त्याला नको? एकेका भागाला हळदकुंकू लावलं. मूठभर अक्षता घेतल्या, कुंकवात भिजवलेल्या, लालभडक, आणि वरून वाहिल्या. हात जोडले. काय मागितलं ते सांगायला नको.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालक बसवायला बसले. रॉकेलचा डबा उघडला तशी मी धावत गेले.

"अहो, पुजलेल्या वस्तूला रॉकेल लावता?"

"अगं, हळद लागलीय सगळीकडं. धुवायला पाहिजे."

"फडक्यानं पुसा. फुंकून घ्या. धुऊ नका, मी हात जोडते तुमच्यापुढं. नवस आहे माझा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कंपनीत बावीस वर्षं काढलेला माणूस, त्याला कळत नव्हतं असं नाही. पण रॉकेलच्या डब्याला झाकण लावलं. फडक्यानं पुसलं, तोंडानं फुंकलं, आणि बसवायला घेतलं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. तेरा-चौदा किका मारल्या, आणि झाली! धूर नाही, काही नाही. मालक नुसते उभे, एक हात सीटवर, आणि ऐकताहेत. मी फुलं तोडत होते, तशीच चिखलाच्या पायांनी धावत आले. जाऊबाई कुंपणावरून ओरडल्या, "पेढे कुठं हायेत?"

दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंतीचे दोन मोठे गठ्ठे मागं बांधले, एक मी मांडीवर घेतला, आणि निघालो फुलबाजाराला. टेम्पोवाला रस्त्यात दिसला, त्याला मालकांनी हॉर्न दिला. उगीचच! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. हनुमानवाडीच्या जरा पुढं गेलो असू, इंजिनाच्या वरच्या भागातून कटकट असा आवाज यायला लागला. "काय वाजतंय?" मी विचारलं. त्यांनी वेग कमी केला. कटकट वाढली, मग किर्रर्र झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली. किकवर पाय दिला तर किक खालीच जाईना.

गठ्ठे डोक्यावर घेऊन मी पायी बाजारात गेले. ते गाडी ढकलत घरी आले.

मी परतले तेव्हा हेड उघडलेलं होतं. मालक पडवीत बसले होते, हातात माझी केसातली पिन. "इकडं ये," म्हणाले. वरच्या भागाला ऑइल पोचवायचं एक बारीक भोक असतं, उदबत्ती जेमतेम जाईल एवढं. त्यात त्यांनी पिन घातली, हलवली आणि काहीतरी ओढून काढलं. माझ्या तळहातावर ठेवलं.

तांदळाचा दाणा. तेलानं काळा पडलेला, पण मधे अजून लाल.

ते म्हणाले, "ऑइल वर गेलंच नाही. कोरडं फिरलं आणि जळालं."

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

"आणखी दोन मैल गेलो असतो, तर भात झाला असता," ते म्हणाले, आणि हसले. शपथेवर सांगते, हसले.

मग ही गोष्ट पंचक्रोशीत झाली. मालकच सांगायचे. कुणी विचारलं, गाडीचं कुठवर आलं? की हे म्हणायचे, "चालली होती हो छान. आमच्या मंडळींनी इंजिनाला अक्षता घातल्या, लगीन लागलं त्याचं!" सगळे हसायचे. जाऊबाई तर मला पापड वाळवताना म्हणाल्या, "बाई, माझ्या गिरणीजवळ नको हो पूजा करू." मी पण हसायची. आणि आत जाऊन देवापुढं बसायची, तर देवापुढंसुद्धा अक्षतांच्या वाटीला हात लावायला नको वाटायचं. त्या दिवाळीत मी लक्ष्मीपूजनाला नुसती फुलं वाहिली. म्हटलं, एका दाण्यानं आपण आपल्या माणसाला गेटवर उभं करणार.

कारण हंगाम जवळ येत होता. माझ्या भावाचा शेजारच्या दुकानात फोन यायचा, मालक जाऊन घ्यायचे. "कुठवर आलं दाजी?" "हेड शोधतोय. मिळालं की झालं." जळालेलं हेड काही कामाचं नव्हतं. भंगारबाजारातून एक आणलं, त्याची भोकं जुळेनात. दुसरं आणलं, त्याचे आटे गेलेले. तिसरं बसलं, पण कॅमशाफ्ट अडकायला लागलं. पडवीत बसून माणूस नुसतं काढत होतं आणि घालत होतं. जेवायला हाक मारली तर "आलो", आणि यायचं नाही. नखं कायम काळी. मी कणीक ताटात मळत होते, बोलत नव्हते. कोणत्या तोंडानं बोलणार?

मार्गशीर्ष लागला तसं मला राहवेना. पेठ नाक्यावर मोटारसायकलचा एक मिस्त्री होता, चांगला हात असलेला. फुलं विकून येताना मी त्याच्याकडं गेले. म्हटलं, आपण चूक केली, आपणच पदर पसरावा. त्याला सगळं सांगितलं, दाण्याचंही. "एकदा घरी येऊन बघा. तुमचे हात लागले तर होईल."

त्यानं हात पुसले. "मावशी, कुणाचं इंजिन? ते कंपनीतले काका? चंदेरी रंगवालं?"

"हो."

"मावशी, ते काका गणपतीतच माझ्याकडं घेऊन आले होते. रॉकेलनं धुतलं तेव्हा रंग निघाला आणि इंजिनाचं खालचं कवच तडकलेलं दिसलं त्यांना. कुणीतरी वेल्डिंग मारून वर रंग फासलेला. आतला क्रँक, ज्याच्यावर सगळं फिरतं, तोपण वाकडा. मी तेव्हाच बोललो, काका, वर काही पण बसवा, हे टिकणार नाही. भंगारात घाला."

"गणपतीत?"

"गणपतीत. तुमच्या तांदळाच्या आधी."

मी तिथून घरापर्यंत चालत आले. रिक्षा मिळत होती, तरी चालत आले. आधी हलकं वाटलं. मग पाटाच्या पुलाशी येईपर्यंत असा राग आला, असा राग आला! दीड महिना मी जाऊबाईंची बोलणी खाल्ली. देवाला अक्षता वाहिल्या नाहीत.

मालक ऊन खात पडवीत बसले होते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं, इंजिनाच्या सांध्यात बसवायचं गॅसकेट कापत होते. मी टोपली ठेवली आणि समोर बसले.

"पेठ नाक्यावरचा मिस्त्री भेटला."

कात्री चालत राहिली. "काय म्हणतो?"

"म्हणतो, गणपतीतच सांगितलं होतं."

कात्री थांबली. कागद त्यांनी उलटा केला, सुलटा केला. मी उठले नाही. त्या दिवशी मी उठणार नव्हते.

"इंजिन उघडं होतं," ते म्हणाले, "तोवर तुझा भाऊ विचारायचा, 'कुठवर आलं?' मी ते बंद करून ठेवलं असतं, तर विचारलं असतं, 'कधी येता?'"

"आणि तांदूळ?"

"तांदूळ निघालाच ना. मी खोटं कुठं बोललो?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. पण तो दाणा निघाला, आणि सगळे त्याच्यावरच हसायला लागले. माझ्यावर कुणी हसेना. मला बरं वाटलं गं." मग म्हणाले, "एक दिवस तरी चालेल असं वाटलं होतं. कोजागिरीला चालली की नाही?"

भांडायला म्हणून बसले होते. सगळी वाक्यं तयार होती माझ्याजवळ. पण त्यांचं ते "चालली की नाही" ऐकलं आणि ती सगळी तशीच राहिली. मी म्हटलं, "चालली. हनुमानवाडीपर्यंत चालली." आणि चहा ठेवायला आत गेले. राग गेला नव्हता. आजही पुरता गेलाय असं नाही म्हणत. पण चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन बसवायला घेतलं. मला वाटलं, पुन्हा? पण यावेळी गडबड नव्हती. एकेक नट रॉकेलनं धुतला, ऑइल लावलं, हातानं बसवला, मग पान्यानं आवळला. तीन दिवस लागले. कुठं एक बोल्ट कमी नाही की एक जास्त नाही. किक मारून बघितलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी हातगाडीवाला भंगारवाला आला, त्यानं इंजिन उचललं आणि म्हणाला, "काका, कशाला एवढं बसवत बसले? फोडूनच टाकायचंय."

"तू फोड. मी उघडं नाही देणार," मालक म्हणाले.

मग शेजारच्या दुकानात गेले आणि स्वतः होऊन माझ्या भावाला फोन लावला.

संक्रांतीनंतर मी भावाकडं दिंडोरीला गेले होते. दुपारचा डबा घेऊन शीतगृहावर गेले. द्राक्षाच्या गाड्यांची रांग लागलेली. मालक खाकी कपड्यात, डोक्याला टोपी. पॅन्ट कमरेला सैल, पट्ट्यानं आवळलेली. मी सांगितलं होतं कमरेला शिवून आत घेऊन देते म्हणून, तर म्हणाले, राहू दे, चालतंय.

मी झाडाखाली डबा घेऊन बसले. एक साहेब मोटारसायकलवरून आला, पोरगेला, डोळ्याला गॉगल. मालकांनी गेट उघडलं, सलाम केला. साहेब आत गेला. मालक गेट लावायचं सोडून त्या गाडीच्या दिशेनं बघत राहिले. मान जरा तिरकी. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा हलले.

जेवताना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "त्या साहेबाच्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. पंधरा दिवस ऐकतोय. एखाद्या दिवशी चाक जाम होईल."

"मग सांगा की त्याला."

त्यांनी भाकरी कालवणात बुडवली.

"मला गेट उघडायला ठेवलंय," म्हणाले.

मी आणखी एक भाकरी पुढं केली. नको म्हणाले. रांगेत पुढचा ट्रक आला होता. ते टोपी घालून उठले.